ओरांज: दक्षिण फ्रान्समधलं जुनं शहर आणि जगभर पसरलेलं त्याचं नाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्रेंच माणूस ज्याला ओरांज म्हणतो, तेच इंग्रजीत ऑरेंज. लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास. एवढ्याशा शहराचं नाव हॉलंडच्या राजघराण्याला मिळालं आणि त्या घराण्यामार्फत आफ्रिकेतल्या नदीपासून अमेरिकेतल्या जिल्ह्यांपर्यंत पोहोचलं. मूळ गाव मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याची ओळख व्हावी, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे शहर नेमकं कुठे आहे?

फ्रान्सच्या आग्नेय भागात, व्होक्लूझ जिल्ह्यात. आव्हिन्योंच्या उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर. ऱ्होन नदी शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवरून वाहते. पॅरिसहून दक्षिणेकडे येणारा महामार्ग ओरांजपाशी फुटतो: एक फाटा मार्सेयकडे जातो, दुसरा स्पेनच्या दिशेने. रोमन काळातही लिआँहून आर्लला जाणारा रस्ता इथूनच जायचा. शहराच्या नशिबात जे काही आलं, त्यातलं बरंचसं या रस्त्याने आलं.

शहराचं नाव संत्र्यावरून पडलं का?

नाही. युरोपात संत्रं पोहोचलं त्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव आहे. रोमन काळात शहराला आराऊसिओ म्हणत. आराऊसिओ हा तिथल्या केल्टिक लोकांचा जलदेव. त्या नावाची झीज होत होत स्थानिक भाषेत ते आउरेन्जा झालं आणि पुढे ओरांज.

फळाच्या नावाचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. आपल्याकडचा नारंग फारसीत आणि अरबीत गेला, तिथून स्पेन आणि इटलीमार्गे फ्रान्समध्ये पोहोचला. दोन्ही नावं कानाला सारखीच लागायला लागल्यावर लोकांनी त्यांची सांगड घातली. शहराच्या मानचिन्हात आज शिंगासोबत तीन संत्री दिसतात, ती या योगायोगामुळे. राजघराण्याने केशरी रंग आपला मानला, तोही त्यामुळेच.

मग तिथे संत्री पिकतात का?

बागायत म्हणावी अशी नाही. हा द्राक्षांचा आणि वाइनचा मुलूख आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा बोचरा वारा सुटतो आणि तो कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. संत्र्याच्या झाडाला ते सोसत नाही.

इतिहासात या शहराचं नाव पहिल्यांदा कशामुळे गाजलं?

एका भयंकर पराभवामुळे. इ.स.पू. 105 मध्ये, 6 ऑक्टोबरला, किंब्री आणि ट्यूटन या उत्तरेकडून उतरलेल्या टोळ्यांनी इथे दोन रोमन सैन्यं एकाच दिवशी कापून काढली. लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या परंपरेतला आकडा आहे 80 हजार सैनिक आणि 40 हजार बाजारबुणगे. प्राचीन आकडे जपूनच घ्यावे लागतात. पण रोमला हादरा किती बसला, हे त्यावरून कळतं.

हा पराभव शत्रूच्या बळापेक्षा आपसातल्या मानापमानामुळे झाला. मॅलिअस मॅक्सिमस त्या वर्षीचा कॉन्सल, म्हणजे रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, हुद्द्याने वरचा. पण त्याच्या घराण्यात आधी कोणी कॉन्सल झालेलं नव्हतं. दुसरा सेनापती केपिओ जुन्या खानदानातला. अशा माणसाचा हुकूम ऐकायचा आणि त्याच्या छावणीत राहायचं, हे त्याला मंजूर नव्हतं. दोन्ही सैन्यं वेगवेगळी उभी राहिली आणि वेगवेगळी मारली गेली. त्यानंतर घाबरलेल्या रोमने गायस मारिअसला सलग पाच वर्षं कॉन्सल निवडलं. त्याने टोळ्यांचा बंदोबस्त केला खरा. पण एकाच सेनापतीच्या हाती इतकी वर्षं सत्ता राहण्याचा पायंडा पडला आणि प्रजासत्ताकाला तो फार महाग पडला.

रोमन लोकांनी इथे शहर का वसवलं?

निवृत्त सैनिकांची सोय लावण्यासाठी. इ.स.पू. 35 च्या सुमारास दुसऱ्या गॅलिका लीजनच्या (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी) सैनिकांना इथे जमिनी देऊन वसाहत स्थापन झाली. म्हणूनच वसाहतीच्या लांबलचक अधिकृत नावात ‘सेकुंदानोरुम’, म्हणजे ‘दुसऱ्या लीजनवाल्यांची’, असा शब्द आहे. सैनिकांना जमीन मिळाली म्हणजे ती कोणाची तरी गेली. इथे ती त्रिकास्तिनी या स्थानिक जमातीची गेली.

‘संगमरवरी सातबारा’ म्हणतात तो काय प्रकार आहे?

माझ्या मते ओरांजमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पर्यटक थिएटर पाहून निघून जातात आणि त्याच्या समोरच्याच संग्रहालयातली ही फळी बघायची राहून जाते.

1949 मध्ये शहराच्या मध्यभागी खोदकाम करताना संगमरवराचे कोरीव तुकडे मोठ्या संख्येने सापडले. ते जुळवल्यावर लक्षात आलं की हे आजूबाजूच्या शेतजमिनीचे नकाशे आहेत. रोमन मोजणीदारांनी सगळा प्रदेश चौकोनांत पाडला होता. एका चौकोनाची बाजू सुमारे 710 मीटर, क्षेत्र साधारण 50 हेक्टर. दगडावर प्रत्येक चौकोनात आधी त्याचा पत्ता कोरलेला: मुख्य रेषेच्या उजवीकडे की डावीकडे, आडव्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, आणि कितवा. खाली जमिनीचा प्रकार. इतकी सैनिकांना दिलेली, इतकी वसाहतीच्या मालकीची आणि खंडाने लावलेली, इतकी त्रिकास्तिनींना परत केलेली. त्रिकास्तिनींच्या वाट्याला परत आलेली जमीन बरीचशी हलक्या प्रतीची होती, हेही त्यातून दिसतं.

हे सगळं कोरण्याचं कारणही लिहून ठेवलेलं आहे. इ.स. 77 मध्ये सम्राट व्हेस्पेसियनच्या हुकमाने हा दस्तऐवज उभा राहिला, कारण पहिला सम्राट ऑगस्टस याने सैनिकांना दिलेल्या सार्वजनिक जमिनी खाजगी लोकांनी बळकावल्या होत्या आणि त्या सोडवायच्या होत्या. अतिक्रमण, मोजणी, खंडाची थकबाकी, सरकारी जमिनीचा वाद: तलाठी कार्यालयात खेपा घातलेल्या कोणालाही हा दगड समजावून सांगावा लागणार नाही. हा नकाशा चारचौघांत भिंतीवर लावलेला होता. कागद गहाळ होण्याचा प्रश्नच नव्हता.

थिएटरची एवढी ख्याती कशामुळे?

भिंतीमुळे. रोमन थिएटरं पुष्कळ ठिकाणी उरली आहेत, पण बहुतेक जागी उरल्या आहेत त्या पायऱ्या. रंगमंचामागची उंच भिंत पडलेली असते. ओरांजची भिंत पुरी उभी आहे: 103 मीटर लांब, 37 मीटर उंच. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधली गेली. ‘माझ्या राज्यातली सर्वांत सुंदर भिंत’ असं चौदावा लुई तिच्याबद्दल म्हणाला, असं सांगतात.

बाहेरच्या बाजूला अगदी वरती दगडी ब्रॅकेटच्या दोन ओळी दिसतात आणि वरच्या ओळीत आरपार भोकं आहेत. त्यांत लाकडी खांब रोवून प्रेक्षकांवर कापडी छत ताणत. आत मध्यावरच्या कोनाड्यात साडेतीन मीटर उंचीचा सम्राटाचा पुतळा आहे, बहुधा ऑगस्टसचा. खालच्या पायऱ्यांवर एका जागी ‘EQ G III’ या अर्थाची रोमन अक्षरं कोरलेली आहेत: या तीन ओळी अश्वारूढ वर्गाच्या, म्हणजे रोममधल्या एका श्रीमंत वरच्या वर्गाच्या, लोकांसाठी राखीव. खेळ फुकट असला तरी कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं.

ख्रिस्ती सम्राटांच्या काळात, चौथ्या शतकाच्या अखेरीस, खेळ बंद पडले. पुढे सोळाव्या शतकातल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांच्या धामधुमीत लोकांनी आसऱ्यासाठी आतच घरं बांधली आणि थिएटरच्या पोटात एक मोहल्लाच तयार झाला. एकोणिसाव्या शतकात ती घरं हलवून जागा मोकळी केली. 1869 पासून इथे पुन्हा गाणं सुरू झालं. त्यातूनच आजचा शोरेजी हा उन्हाळी ऑपेरा महोत्सव उभा राहिला. 1903 मध्ये प्रसिद्ध फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टने इथे ‘फेद्र’ हे नाटक केलं. 1974 मध्ये स्पॅनिश गायिका मोन्सेरात काबायेने मिस्त्राल वाऱ्यात, अंगावरची वस्त्रं फडफडत असताना ‘नॉर्मा’ हा ऑपेरा गायला. त्या रात्रीचं चित्रीकरण उपलब्ध आहे. ऑपेराची आवड नसणाऱ्यानेही ते एकदा बघावं. उघड्यावर, इतक्या वाऱ्यातही आवाज शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतो, त्यात त्या भिंतीचा वाटा मोठा आहे.

आणि ती कमान?

शहराच्या उत्तरेला, जुन्या रोमन रस्त्यावर. तीन दरवाजांची, 19 मीटरहून उंच, सम्राट टायबेरिअसच्या काळात पूर्ण झालेली. तिच्यावर गॉल लोकांशी, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या तेव्हाच्या केल्टिक लोकांशी, झालेल्या लढायांची शिल्पं आहेत, आणि जहाजांचे नाळ, नांगर असली दर्यावर्दी लुटही कोरलेली आहे. मध्ययुगात स्थानिक राजांनी ती किल्ल्यात बांधून घेतली. भिंतींच्या आत राहिल्यामुळेच ती वाचली असावी. एकोणिसाव्या शतकात ऑग्युस्त कारिस्ती या वास्तुविशारदाने ती मोकळी करून दुरुस्त केली. थिएटर आणि कमान 1981 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

दक्षिण फ्रान्समधल्या गावाचं नाव हॉलंडच्या राजघराण्याला कसं मिळालं?

वारसाहक्काने, आणि तोही निपुत्रिक मरणाऱ्या पुरुषांमुळे.

ओरांज हे मध्ययुगात एक छोटं स्वतंत्र संस्थान होतं. त्या वेळी हा भाग फ्रान्सच्या नव्हे, पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मध्ययुगातल्या जर्मन सम्राटांच्या, छत्राखाली होता. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने तिथल्या सरदाराला प्रिन्सचा दर्जा दिला. आधी बो घराणं, मग 1393 पासून शालों घराणं. त्या घराण्यातला फिलिबेर 1530 मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या लढाईत मारला गेला. मूलबाळ नव्हतं. संस्थान भाचा रने याच्याकडे गेलं. त्याचे वडील जर्मनीतल्या नासाऊ घराण्यातले. हा रने 1544 मध्ये वेढ्याच्या लढाईत जखमी होऊन गेला. त्यालाही वारस नव्हता. मृत्युपत्रात त्याने सगळं चुलत भावाच्या नावे केलं होतं. तो भाऊ अकरा वर्षांचा पोरगा होता: विल्यम.

हाच पुढे विल्यम द सायलेंट झाला, स्पेनविरुद्ध उभ्या राहिलेल्या डच बंडाचा नेता. इथे ओरांज फार उपयोगी पडलं. नेदरलँड्समधल्या मालमत्तेमुळे तो स्पेनच्या राजाचा प्रजाजन ठरत होता. ओरांजमुळे तो स्वतः सार्वभौम राजा होता. राजा म्हणून त्याला युद्ध पुकारता येत होतं. समुद्रावरच्या बंडखोरांना शत्रूची जहाजं लुटण्याचे परवाने त्याने दिले, ते ओरांजचा प्रिन्स या अधिकारात. एका दिवसात घोड्यावरून पार करता येईल एवढ्या संस्थानाच्या जोरावर त्याने जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाशी बरोबरीच्या नात्याने वैर धरलं. 1584 मध्ये डेल्फ्टला त्याचा खून झाला, पण नाव टिकलं. नेदरलँड्सचं राष्ट्रीय ब्रीद ‘ज मँतियांद्रे’, म्हणजे ‘मी राखीन’, हे फ्रेंचमध्ये आहे, कारण ते या शालों घराण्याकडून आलेलं आहे.

या सगळ्याचा शहराला काय फायदा झाला?

थोडा झाला, नुकसान जास्त झालं. राजे दूर उत्तरेत, कारभार गव्हर्नरांच्या हाती. प्रॉटेस्टंट राजा असल्यामुळे प्रॉटेस्टंटांना इथे आसरा मिळाला, पण चहूकडे कॅथलिक फ्रान्स आणि पोपचा मुलूख. विल्यमचा मुलगा मॉरिस याने 1620 च्या दशकात टेकडीवर बळकट किल्ला बांधला आणि त्यासाठी शहरातले रोमन दगड वापरले. किल्ला उभा करायला रोमन इमारती गेल्या, आणि 1673 मध्ये हॉलंडशी युद्ध चालू असताना चौदाव्या लुईने तो किल्लाही पाडला. आता टेकडीवर पाये तेवढे दिसतात.

नंतर शहर कधी फ्रान्सच्या ताब्यात, कधी परत. तिसरा विल्यम, जो इंग्लंडचाही राजा होता, 1702 मध्ये निपुत्रिक वारला. पुढच्याच वर्षी इथल्या प्रॉटेस्टंटांना घरदार सोडून जावं लागलं. 1713 च्या उट्रेख्ट तहाने ओरांज कायमचं फ्रान्सचं झालं.

मग आज ‘प्रिन्स ऑफ ऑरेंज’ कोण?

जमीन गेली, किताब राहिला. तो आधी प्रशियाचा राजा आणि डच घराणं दोघेही लावत. नेदरलँड्समध्ये हा किताब आज गादीच्या वारसाकडे असतो. 30 एप्रिल 2013 पासून राजकन्या कथरीना-अमालिया या प्रिन्सेस ऑफ ऑरेंज आहेत.

या नावाची खरी भावंडं कोणती?

घराण्यामार्फत हे नाव जिथे जिथे गेलं, ती सगळी. ऑरेंज नदी दक्षिण आफ्रिकेतली सर्वांत लांब नदी. 1779 मध्ये रॉबर्ट गॉर्डन या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने तिला प्रिन्सचं नाव दिलं. तिला स्वतःची जुनी नावं होतीच: गरीप, आणि लेसोथोमध्ये सेंकू. नदीवरून 1854 मध्ये ऑरेंज फ्री स्टेट हे बोअरांचं, म्हणजे डच वंशाच्या वसाहतकऱ्यांचं, प्रजासत्ताक निघालं. आता त्या प्रांताच्या नावातून ऑरेंज गळालं आहे, नुसतं फ्री स्टेट उरलं आहे.

अमेरिकेत 1624 मध्ये डचांनी फोर्ट ऑरेंज बांधला, तेच आजचं ऑल्बनी. 1673 मध्ये डचांनी न्यूयॉर्क परत घेतलं तेव्हा वर्षभर त्या शहराचं नाव न्यू ऑरेंज होतं. न्यूयॉर्क शहराच्या झेंड्यातला केशरी पट्टा डचांच्या त्या जुन्या झेंड्याची आठवण आहे. न्यूयॉर्क राज्यातली ऑरेंज काउंटी तिसऱ्या विल्यमच्या नावाची, व्हर्जिनियातली चौथ्या विल्यमच्या. प्रिन्स्टन विद्यापीठाचा केशरी रंगही याच घराण्याचा. ब्राझीलच्या इतामाराका बेटावर आणि इंडोनेशियात तेर्नाते इथे ऑरेंज नावाचे डच किल्ले आहेत. अरुबाची राजधानी ओरान्येस्टाड. बर्लिनजवळचं ओरानिएनबुर्ग हे या घराण्यातून सून म्हणून आलेल्या लुईझ हेन्रिएटच्या माहेराच्या नावाने. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंजला सर्व्हेयर मिचेलने युद्धात सोबत असलेल्या डच राजपुत्राचं नाव दिलं. तिथे थंडी इतकी की सफरचंदं उत्तम होतात.

आयर्लंडमध्ये हे नाव जखमेसारखं ठसठसतं. 1690 च्या बॉइन नदीवरच्या लढाईत तिसऱ्या विल्यमने कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सला हरवलं. 1795 मध्ये त्याच्या नावाने प्रॉटेस्टंटांची ऑरेंज ऑर्डर स्थापन झाली आणि दर 12 जुलैला तिच्या मिरवणुका आजही निघतात. आयरिश झेंड्यातला केशरी पट्टा प्रॉटेस्टंट परंपरेसाठी आहे, पांढरा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोघांमधल्या शांततेसाठी.

आणि कोणत्या ‘ऑरेंज’चा या शहराशी संबंध नाही?

फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा नाही, ती नावं फळाची आहेत. ऑरेंज मोबाइल कंपनीचाही नाही. तो ब्रँड 1994 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि नंतर फ्रेंच कंपनीने घेतला. मुंबईकरांना तो आठवत असेल, हचच्या आधी काही वर्षं मुंबईत ती सेवा याच नावाने चालायची. नागपूरला ऑरेंज सिटी म्हणतात ते अर्थातच संत्र्यामुळे. आणि डचांनी प्रिन्सच्या सन्मानासाठी गाजर केशरी केलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही.

महाराष्ट्राशी काही धागा जुळतो का?

एक जुळतो, वेंगुर्ल्याला. डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथे 1637 मध्ये ठाणं केलं. वखारीचे अवशेष आजही गावात आहेत. त्या वेळी डच प्रजासत्ताकाचा स्टॅडहोल्डर (प्रांतांचा मुख्य कारभारी) आणि सेनाप्रमुख होता फ्रेडरिक हेन्री, ओरांजचा प्रिन्स. वेंगुर्ल्याच्या डचांनी लिहिलेली पत्रं शिवकाळाच्या अभ्यासकांना साधन म्हणून फार उपयोगी पडतात. धागा लांबचा आहे, पण खरा आहे.

फ्रान्समध्ये सामील झाल्यावर पुढे काय झालं?

शहर जिल्ह्याच्या गावासारखं शांत झालं, एक काळा अध्याय सोडून. 1794 च्या उन्हाळ्यात फ्रेंच राज्यक्रांतीच्या क्रांतिकारी आयोगाने इथे दोन महिन्यांच्या आत 332 जणांना गिलोटिनवर चढवलं. त्यांत 32 कॅथलिक नन होत्या. पुढे 1871 ते 1879 या काळात कीटकशास्त्रज्ञ झां-आंरी फाब्र इथे राहत होता आणि किड्यांवरच्या त्याच्या लेखनाचा पहिला खंड याच मुक्कामात तयार झाला.

जायचं तर कसं आणि किती वेळ ठेवून?

आव्हिन्योंहून लोकल गाडीने वीसेक मिनिटं लागतात. एक पूर्ण दिवस ठेवा. सकाळी थिएटर, लगेच समोरचं संग्रहालय, आणि तिथे जमिनीच्या नकाशासमोर किमान अर्धा तास. दुपारनंतर सांत-युत्रोप टेकडीवर चढा, किल्ल्याचे पाये आणि थिएटर दोन्ही वरून दिसतात. कमान स्टेशनपासून जरा लांब आहे, चालत जाता येतं. ऑपेरा पाहायचा असेल तर जुलैत जा, तिकीट आधी काढा, आणि बसायला उशी न्या. पायऱ्या दगडाच्या आहेत आणि खेळ मध्यरात्रीपर्यंत चालतो.